लाल गाडीवाला काय बोलला?

फोन रविवारी सकाळी आला. पिंकीचा, म्हणजे माझ्या दादाच्या मुलीचा. "बुआ, पापा उठ नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, रविवार आहे, झोपू दे की त्याला." पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला… तरी मला कळेना. गॅसवर दूध ठेवलेलं होतं. फोन कानाला धरून मी त्या दुधाकडेच बघत उभी राहिले. पिंकीला मी तिच्या लहानपणापासून टोकत आले आहे, बुआ नाही, आत्या म्हण. मराठी सगळं समजतं तर बोलायला काय जिभेला काटे टोचतात? त्या सकाळी मी टोकलं नाही. आपण टोकलं का नाही, असं माझं मलाच वाटलं आणि तेव्हा कुठे मला कळलं. मी गॅस बंद केला.

दादाला जाऊन आता काही आठवडे झाले. पुरवणीसाठी लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले की गाडी पुढे सरकत नाही. प्रेमळ होता, कष्टाळू होता, सगळ्यांच्या मदतीला धावून जायचा, असं सगळे लिहितात तसं मीही लिहू शकते, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट आहे, जिचं काय करावं हेच मला समजलेलं नाही. आपल्या जिवाभावाच्या मित्राशी तो दग्याने वागला की नाही, ही ती गोष्ट. ती सोडून बाकीचं लिहिणं म्हणजे फसवणूक होईल, म्हणून जसं आठवतं तसं सांगते.

माझा दादा मधुकर. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळी माणसं त्याला मधुभैया म्हणायची. आमचे वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याकडून रायपूरला आले आणि गुढियारीत राहिले, ते राहिलेच. दादाला शाळेत कधी राम वाटला नाही. मिसरूड फुटायच्या आधी तो पंडरीतल्या कापडवाल्यांच्या मेटॅडोरवर बसायला लागला आणि थोड्याच दिवसांत चालवायलाही लागला. तिथेच त्याला रामाधार साहू भेटला. तोही मेटॅडोरवालाच, किडकिडीत, कुरळ्या केसांचा, सदा हसरा. कापडाचे गठ्ठे लादून दोघं एकाच वेळी निघायचे आणि बाजाराच्या गावी कोण आधी पोचतो यावर दिवसभर एकमेकांना चिडवायचे. मी तेव्हा अभनपूरच्या शाळेत शिकवायला जात असे. बस चुकली की दादाच्या गाडीत बसायची. आम्ही निघालो की मागून साहूचा हॉर्न सुरू व्हायचा आणि दादा आरशात बघत म्हणायचा, "वाजव बे, वाजव. जागा काही देत नाही मी तुले."

साहू आमच्या घरचाच होऊन गेला. पाटवडीचा रस्सा असला की सुनंदावहिनी, म्हणजे दादाची बायको, त्याच्यासाठी एक डबा बाजूला काढून ठेवायची. पोळ्याला त्याच्याकडून ठेठरी-खुरमीचं तळण यायचं. मला तो दीदी म्हणायचा आणि माझं मराठी ऐकून गालातल्या गालात हसायचा, कारण दादाच्या बोलण्यापेक्षा ते त्याला फार पुस्तकी वाटायचं. दादाची नक्कल तर तो इतकी हुबेहूब करायचा, की वहिनी स्वयंपाकघरातून "आले का?" म्हणून बाहेर यायची आणि दारात साहूला बघून कपाळावर हात मारून घ्यायची.

मग नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. रस्त्यावर जिकडे तिकडे पांढऱ्या गाड्या दिसू लागल्या आणि त्या चालवायला माणसं हवी होती. दादा आणि साहू दोघंही एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर म्हणून लागले. पुढे साहेब लोकांच्या ताफ्यात दोघांच्या गाड्या मागेपुढे आल्या, पुढे दादा, मागे साहू. ताफ्यात आपला नंबर सोडायचा नसतो, पुढच्याला ओलांडायचं नसतं, हा तिथला पहिला नियम. ज्यांचं सगळं तारुण्य एकमेकांना ओलांडण्यात गेलं, त्यांना आता दिवसभर एकामागे एक चालायचं होतं. दादा म्हणायचा, "साहूले माह्या मागं पाहून कसं बरं वाटते मले, सांगू नको कोणाले."

सिनेमांचं वेड त्याच काळातलं. गाड्यांच्या शर्यतीचे इंग्रजी सिनेमे! कोणी तरी दादाला एक सीडी दिली, त्यानं ती पाहिली आणि पाहतच राहिला. घरच्या लूनावर बसला की हाच माणूस इतका सावकाश चालवायचा, की वहिनी मागून म्हणायची, "उतरू का? पायी लवकर पोचीन." पण टीव्हीसमोर बसला की डोळे लकाकायचे. सिनेमे बरेच पाहिले, सगळ्यांची गोष्ट मला तरी एकच वाटायची. दोन ड्रायव्हर, त्यांचं एकमेकांशी हाडवैर, एक पुढे तर दुसरा मागे, मग अपघात, मग शेवटची शर्यत. मी एकदा म्हटलंही, "दादा, याच्यात पाहायचं काय असतं रे? गोल गोल तर फिरतात." तर तो माझ्याकडे अशा दयेनं बघायला लागला, की मीच विषय बदलला.

दर रविवारी दुपारी पुढच्या खोलीत सिनेमा लागायचा. पिंकी तेव्हा पाळण्यात होती. गाड्यांच्या आवाजानं ती दचकून उठायची, म्हणून वहिनीनं फर्मान काढलं की आवाज बंद. तसंही इंग्रजी कोणाला समजत होतं! दादानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि तिथून ती गंमत सुरू झाली. लाल गाडीचा ड्रायव्हर दादानं घेतला आणि पिवळ्या गाडीचा साहूनं. आपापल्या माणसाचे संवाद आपण बोलायचे, गाड्यांचा आवाज साहूनं हळू आवाजात तोंडानं काढायचा. नियम एकच, पण कडक. आपल्या माणसाचे ओठ हलले तरच बोलायचं, थांबले की थांबायचं. पडद्यावर ते दोघं गोरे देखणे पुरुष एकमेकांसमोर उभे राहून काय बोलत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्याकडे लाल गाडीवाला म्हणायचा, "अबे पिवळ्या, तुह्या गाडीत दम नाही बे!" आणि पिवळा म्हणायचा, "चल हट रे लाल मिरचा, तोर टायर मं हवा नइ हे!" हळूहळू सगळा पारा जमायला लागला. खिडकीतसुद्धा माणसं उभी असायची. पिंकी मोठी झाली तरी आवाज काही परत आला नाही. एक सिनेमा तर इतक्या वेळा झाला, की शेजारच्या बायकांना त्यातली वळणं पाठ झाली होती. त्यात शेवटच्या शर्यतीआधी दोघं ड्रायव्हर गॅरेजमध्ये समोरासमोर येतात. त्या प्रसंगाला पिवळ्याच्या तोंडून साहू दर वेळी नवं काही तरी विचारायचा. कधी माझा चहा कोण प्यायला, कधी माझी चप्पल कोणी नेली. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं.

शहराबाहेर तेव्हा नवी राजधानी उभी राहत होती. इमारती नंतर आल्या, रस्ते आधी झाले. चांगले रुंद, गुळगुळीत, आणि त्यांच्यावर चिटपाखरू नाही. साहेबांना सोडून एका दुपारी दादा आणि साहू रिकाम्या गाड्या घेऊन परत येत होते. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. कोणी आधी खुणावलं हे मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण त्या सरळ रस्त्यावर दोन पांढऱ्या सरकारी गाड्या शेजारी शेजारी पळाल्या आणि साहू पुढे निघून गेला. संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा साहूचा चेहरा नुसता फुलला होता. दादाही हसत होता. मी तिथेच होते, तो हसत होता हे मला पक्कं आठवतं. पण तो एकदाही साहूकडे बघत नव्हता, हेही आठवतं… की हे मी आता जोडते आहे? खरंच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहूला बोलावणं आलं. सरकारी गाडी बेफाम चालवली म्हणून त्याला ताफ्यातून काढलं आणि डाक पोचवायच्या जुन्या जीपवर बसवलं. नाव एकट्या साहूचंच पुढे आलं होतं. दादाला कोणी एका शब्दानं विचारलं नाही. ती शर्यत पाहणारं तिसरं कोणी तिथे नव्हतं. असेलही, झाडाआड एखादा मजूर, एखादा चौकीदार. मी पुष्कळ माणसं मनानं त्या रस्त्यावर उभी करून पाहिली आहेत. पण तसा माणूस दोन गाड्यांपैकी एकीचाच नंबर कशाला सांगेल?

त्यानंतरच्या रविवारी साहू नेहमीसारखा आला. तोच सिनेमा लागला, पारा जमला. गॅरेजचा प्रसंग आला आणि पिवळ्याच्या तोंडून साहू म्हणाला, "मोर नाव साहेब ला कोन बताइस?" लोक खो खो हसले, या गोऱ्यांच्या गॅरेजात साहेब कुठून आला म्हणून. आणि दादाचा आवाज आला, "मी सांगितलं. हो, मीच." लोक आणखीच हसले. मीही हसले. मी साहूकडे बघत होते, कारण पुढचं काही तरी तो झकास बोलणार याची मला खात्री होती. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. आम्हाला वाटलं, आलाच आता. तो आला नाही. त्या रविवारीही नाही आणि पुढे कधीच नाही.

मी दादाला विचारलं. एकदा नाही, पुष्कळदा विचारलं. गोडीनं विचारलं, भांडून विचारलं. "काहून डोकं खाऊन राहिली?" तो म्हणायचा. "लाल गाडीवाला बोलला ते. मी काय बोललो?" आणि हे म्हणताना इतक्या सरळ माझ्या डोळ्यांत बघायचा, की मला माझीच लाज वाटायची. मग वाटायचं, एवढं सरळ बघतो म्हणजेच… असं माझं वर्षानुवर्षं चाललं होतं. साहू राहायचा रेल्वेलाइनच्या पलीकडे, फार लांब नाही. पण ना तो इकडे आला, ना दादा तिकडे गेला. पाऱ्यातली माणसं काही दिवस येत राहिली, मग त्यांनाही एकट्या लाल गाडीवाल्यात रस उरला नाही. दादा मात्र दर रविवारी बसायचा. आवाज बंद. लालचे ओठ हलले की बोलायचा, आणि पिवळ्याचे हलले की गप्प बसून राहायचा, त्याचं बोलून होईपर्यंत. वहिनी म्हणायची, "हे पाहून मले भीती वाटते, कुंदाताई." मला भीती नाही, राग यायचा. एवढी आठवण येते तर जा ना लाइनच्या पलीकडे! कोणी अडवलंय?

घाटावर साहू आला होता. फाटकापाशी उभा राहिलेला मी पाहिला. केस पांढरे झालेले, पण कुरळेच. मी त्याच्याकडे जायला निघेपर्यंत तो निघून गेला होता. आणि तेरवीनंतरच्या एका रविवारी दुपारी तो दारात उभा. वहिनीनं त्याला पाणी दिलं. तो दादाच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला, मग खाली सतरंजीवर बसला. खुर्ची दिली तरी घेतली नाही. मग त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "दीदी, एक ठन बात पूछहूँ? ओ दिन कोन बोलिस? भैया, के ओ लाल गाड़ी वाला?"

मी काय सांगणार! जो प्रश्न मी स्वतःला विचारून थकले, तोच हा माणूस माझ्याकडे घेऊन आला होता. "मला खरंच माहीत नाही हो," मी म्हटलं. "मी हसत होते तेव्हा." तेवढ्यात वहिनी बोलली. आयुष्यात तिनं त्यातला एकही सिनेमा बसून पाहिला नव्हता. ती म्हणाली, "एवढं विचारून राहिले तर पाहून घ्या ना. सिनेमा कुठं पळाला?" पिंकीनं वडिलांसाठी तो सिनेमा पेनड्राइव्हमध्ये भरून दिला होता. तिनं तो लावला आणि आवाज वाढवायला रिमोट हातात घेतला. "राहू दे, बेटा," वहिनी म्हणाली.

साहूनं गाड्यांचा आवाज काढला नाही. आम्ही गॅरेजच्या प्रसंगाची वाट बघत बसलो. पिवळा आत आला, काही तरी विचारत असावा तसे त्याचे ओठ हलले. लाल गाडीवाला फडक्यानं हात पुसत होता. पिवळ्याकडे बघत त्यानं एकेक बोट नीट पुसलं, फडकं टेबलावर टाकलं, हेल्मेट चढवलं आणि निघून गेला. तोंड त्यानं उघडलंच नाही. पिंकीनं मागे घेऊन परत लावलं. ओठ बंद. "इन्होंने तो कुछ बोला ही नहीं," ती हळूच म्हणाली.

"मोला मालूम रिहिस," साहू म्हणाला. मला माहीत होतं. त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो, पण तो सवयीनं पडद्याकडे बघत होता. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "माहीत होतं तर विचारायला कशाला आलात? माणूस गेल्यावर?" तो माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, "मैं अकेल्ला देखे रेहेंव, दीदी. अकेल्ला मनखे ला भरम घलो हो सकथे." एकट्यानं पाहिलं होतं. एकट्या माणसाला भ्रमही होऊ शकतो. इतकी वर्षं तो स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत राहिला होता, कारण दादावर घेण्यापेक्षा ते त्याला सोपं गेलं असावं.

लालचे ओठ बंद असताना जो बोलला तो दादाच, म्हणजे दादानंच सांगितलं होतं. का सांगितलं? साहू पुढे गेला ते त्याला सोसलं नाही म्हणून? की साहेबांनी दरडावून विचारलं आणि याच्या तोंडून एकच नाव निघालं, आपलं निघालंच नाही? आणि मग सगळ्या पाऱ्यासमोर कबूलही केलं, पण असं, की कोणी धरलं तर गंमत म्हणून सुटता यावं… याला हिंमत म्हणायचं की पळपुटेपणा? साहूला तोंडावर सांगितलं आणि मला, सख्ख्या बहिणीला, शेवटपर्यंत नाही. मी फोटोतल्या दादाकडे पाहिलं आणि मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तो नाही म्हणून रडूही आलं. यातलं कुठलं आधी आलं ते मला सांगता येणार नाही. मी साहूला विचारलं, "तुम्ही त्याला माफ केलं का?"

"भैया मांगिस कहाँ, दीदी?" तो म्हणाला. माफी मागितलीच कुठे त्यानं?

टीव्ही बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. शेवटची शर्यत संपली. लाल गाडीवाला आणि पिवळा, दोघं धुळीनं माखलेले, मैदानाच्या कडेच्या भिंतीवर येऊन बसले. लालचे ओठ हलायला लागले आणि खोलीतून आवाज आला, "अबे साहू…"

मी दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. तोच नाकातला सूर, शब्द ओढायची तीच तऱ्हा. वहिनीच्या हातातला पेला सतरंजीवर पडला. साहूची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "अबे साहू, चुकलं ना बे माह्यं. माफ करून टाक ना मले." लालचे ओठ थांबले, तसा साहू थांबला.

मग पिवळा बोलायला लागला. काही तरी म्हणाला, थांबला, हसला, पुन्हा बोलू लागला. साहू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड घट्ट मिटून बसला होता. पिवळ्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही चौघंही त्याच्या ओठांकडे बघत राहिलो.